किनाऱ्यावरचा पहारा



आपल्या दिंडोरीची द्राक्षे न्हावाशेव्याच्या बंदरातून परदेशी जातात. म्हणून कस्टम्स खाते आपणांस परके नाही. हेच खाते किनाऱ्याचाही पहारा करते. १९९३ च्या फेब्रुवारीत रायगडमधील शेखाडीस स्फोटके उतरली, ती पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून नव्हे. लाच घेऊन ते डोळे आधीच मिटले होते. चोरट्या मालाचा हप्ता खाणारा खोक्यात काय आहे हे कशास विचारील? १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे प्राणास मुकली. खात्याचे काही अधिकारी दोषी ठरले. अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांस २००७ साली जन्मठेप झाली.

स्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने १९९३ मध्येच गुन्हेगारी टोळ्या, अधिकारी व राजकारणी यांच्या संगनमताकडे बोट दाखविले. आपण मात्र "मुलगा कस्टम्समध्ये आहे, वरकड प्राप्ती उत्तम" असे किंचित अभिमानानेच सांगतो! मोक्याच्या जागी बदली व्हावी म्हणून पुढाऱ्याची चिठ्ठी आणावयास धावणारेही आपणच. ती चिठ्ठी फुकट मिळत नाही, आणि तिची किंमत पगारातून फिटत नाही.

येत्या वधूवर मेळाव्यात मुलीच्या वडिलांनी वराचा पगार अवश्य विचारावा. त्यावरचा आकडा कोणी सांगू लागल्यास तेथूनच उठावे, अशी माझी सूचना आहे.