पिकाची राखण आणि बंदुकीचा परवाना

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी दिलेले भाषण)



हरभरा घाट्यावर आला, ज्वारी हुरड्यात आली की आपल्या भागात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, डुकरांनी रान लोळवलं. रायफलचं लायसन काढता येतं का?" किनवट, माहूर, हिमायतनगरकडे जंगल जवळ आहे, तिथे हा प्रश्न जुनाच. पण ज्या लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच आहे, तिथेही तो आता विचारला जातो. कारण रानडुकराला लपायला जंगलच लागते असे नाही. उसाचा फड, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, पडीक माळ एवढे त्याला पुरते. दिवसा फडात झोपायचे आणि रात्री शेजारच्या दोन एकरांत उतरायचे. मोठ्या शेतकऱ्याचा एक कोपरा जातो, लहान शेतकऱ्याचे सगळे वर्ष जाते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. हे दोन वेगळे कागद आहेत, दोन वेगळ्या कायद्यांखालचे आहेत आणि दोन वेगळ्या कचेऱ्यांतून मिळतात. बंदूक बाळगण्याचा परवाना शस्त्र अधिनियम १९५९ खाली जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी देतात. जनावर मारण्याची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वनखाते देते. पहिला कागद खिशात आहे आणि दुसरा नाही, अशा स्थितीत बार टाकला तर पीक वाचेल, पण शेतकरी कोर्टात उभा राहील.

रायफल की बंदूक?

आपण सगळेच बोलताना 'रायफल' म्हणतो. पण पिकाच्या राखणीसाठी कायद्याने नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे, म्हणजे तोंडाकडून दारू भरायच्या बंदुकीचे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये ही तरतूद आहे. खरोखरच पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक हवी असेल आणि नाकारण्याजोगे कारण नसेल, तर परवाना द्यावा असे कलम सांगते. ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे छऱ्याच्या काडतुसाची, देता येते. रायफल या तरतुदीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळे आणि सबळ कारण दाखवावे लागते.

यामागे व्यवहाराचे कारण आहे. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, त्यामुळे गोळी फिरत, सरळ आणि फार लांब जाते. आपली काळी राने सपाट आहेत. एका धुऱ्याला लागून दुसऱ्याचे शेत, त्यापुढे कुणाचा आखाडा, आखाड्यावर माणसे झोपलेली. चुकलेली गोळी कुठे जाऊन थांबेल ते सांगता येत नाही. छऱ्याचा जोर त्या मानाने लवकर संपतो. तेव्हा अर्जात 'रायफल' लिहून अर्ज अडकवून घेऊ नका. 'पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक' असे स्पष्ट लिहा.

अर्ज कसा करावा?

वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. अमुक एकर जमीन असावीच, अशी अट शस्त्र अधिनियमात नाही. दीड एकरवालाही अर्ज करू शकतो. मात्र गरज खरी आहे हे कागदावर दिसले पाहिजे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे व्यक्तीने करावयाचा अर्ज 'नमुना अ-१' मध्ये असतो. अर्ज ऑनलाइन भरला, तरी कागदपत्रे जुळवून जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवान्याच्या टेबलाशी संपर्क ठेवावा. साधारणपणे हे कागद लागतात:

१. ओळखीचा, रहिवासाचा आणि जन्मतारखेचा पुरावा, तसेच फोटो.
२. अलीकडचा सातबारा आणि आठ-अ.
३. शरीराने व मनाने सुदृढ असल्याचा, ठरलेल्या नमुन्यातील वैद्यकीय दाखला.
४. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र. ते कुठे मिळते याची चौकशी शस्त्र परवान्याच्या टेबलावरच करावी.
५. बंदूक घरात सुरक्षित, कुलपात ठेवण्याची हमी.
६. पिकाच्या नुकसानीचे पुरावे.

यातला सहावा कागद सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच आपल्याकडे नसतो. दर हंगामात नुकसान होते, आपण चार शिव्या देतो आणि गप्प बसतो. मग अर्ज केल्यावर चौकशीला आलेला अधिकारी विचारतो, "मागच्या तीन वर्षांत तक्रार कधी केली होती?" आपल्याजवळ उत्तर नसते. म्हणून नुकसानीची तक्रार दर वेळी करा. पंचनाम्याची नक्कल मागून घ्या. तारखेसह फोटो काढा. भरपाई थोडी मिळो की जास्त, तो पंचनामा पुढे परवान्याच्या अर्जाला पाठबळ देतो.

अर्ज गेल्यावर जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. पोलीस पाटील, शेजारी यांच्याकडे चौकशी होते. तुमच्यावर गुन्हा आहे का, भावकीत बांधावरून वाद आहे का, हे पाहिले जाते. वाद असेल तर तो लपवू नका. चौकशीत तो निघतोच, आणि लपवल्याने विश्वास जातो. नियमांप्रमाणे पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस अशी मुदत आहे. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी तीन महिने धरून चाला. पौष-माघात बंदूक हवी असेल, तर अर्ज पोळ्याच्या आधी गेलेला बरा. घाट्याला डुक्कर लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

अर्ज नामंजूर झाला तर निराश होऊन दलालाकडे जाऊ नका. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्या. कलम १८ खाली अपिलाची सोय आहे. अपिलाला मुदत असते, म्हणून नकाराचा कागद हाती येताच त्यावर तारीख टाकून ठेवा आणि जाणत्या वकिलाला दाखवा.

परवाना मिळाल्यावर

परवाना हातात पडण्याआधी बंदूक विकत घेऊ नये, विसारही देऊ नये. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षे आहे. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर ते जमा करून पावती घ्यावी.

आता आपल्याकडची नेहमीची चूक सांगतो. परवाना असतो मालकाच्या नावाने आणि रात्री जागलीला असतो सालगडी. मालक गावात झोपतो आणि बंदूक सालगड्याच्या हाती देतो. हे चालत नाही. मालक हजर नसताना सालगड्याने बंदूक चालवली, तर दोघेही अडचणीत येतात, आणि गरीब माणूस आधी आत जातो. विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान २ वर्षे आणि ५ वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड आहे. ज्याच्या नावे परवाना, त्यानेच राखण करायची.

लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत हौसेने बार काढणे हाही गुन्हा आहे. त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

काही घरांत आजोबांच्या वेळची, निजामाच्या काळातली बंदूक माळवदाखाली टांगलेली असते. परवानाधारक वारला की त्याचा परवाना मुलाच्या नावावर आपोआप चढत नाही. बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावी आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. वडील हयात असतील, तरी त्यांचे वय ७० झाल्यावर, किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाल्यावर, वारसाच्या नावे अर्ज करता येतो. "घरचीच आहे, कोण विचारतो" म्हणून ती तशीच ठेवू नका.

कोणते जनावर, कोणाची परवानगी?

रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, हे प्राणी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये येतात. उभ्या पिकाला त्यांच्यापासून धोका असेल, तर कलम ११ खाली लेखी परवानगी देता येते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली निर्णय काढून या दोन प्राण्यांबाबतचे अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणले. तेव्हा अर्ज आपल्या भागाच्या वनक्षेत्रपालांकडे करावा आणि पोच घ्यावी. परवानगीत जे प्राणी, जे क्षेत्र आणि ज्या अटी लिहिल्या असतील, तेवढ्याच पाळायच्या. मेलेले जनावर सरकारी मालमत्ता असते. ते कापणे, वाटून घेणे, खाणे गुन्हा आहे. वनरक्षकाला कळवून पंचनामा करून द्यावा.

काळवीट मात्र अनुसूची १ मध्ये आहे. त्याने सोयाबीनचा शेंडा खाल्ला, तरी त्याला मारण्याची परवानगी पिकासाठी मिळत नाही. मारल्यास ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. अंधारात बॅटरीच्या उजेडात फक्त चमकणारे डोळे दिसतात. ते काळविटाचे, रोहीचे, शेजाऱ्याच्या सुटलेल्या वासराचे की पाणी द्यायला निघालेल्या माणसाजवळच्या कुत्र्याचे, हे लांबून कळत नाही. ओळख पटल्याशिवाय घोड्याला बोट लावू नका.

कोणी म्हणेल, बिहारमध्ये रोही मारायची मोकळीक दिली होती, मग आपल्याकडे का नाही? तिथे केंद्र शासनाने कलम ६२ खाली ठरावीक जिल्ह्यांपुरता आणि ठरावीक काळापुरता आदेश काढला होता. २०१६ साली मोकामा भागात त्याप्रमाणे रोही मारले गेले. त्या आदेशाचा आपल्या जिल्ह्याशी संबंध नाही. मोबाइलवर आलेली बातमी म्हणजे आपल्या वनक्षेत्रपालांची परवानगी नव्हे.

तोपर्यंत पीक कसे वाचवावे?

खरे सांगायचे तर बंदूक हा शेवटचा उपाय आहे. एका बाराने कळप पांगतो आणि दोन रात्रींनी परत येतो. म्हणून या गोष्टी आधी करा.

हरभरा आणि ज्वारीच्या कडेने करडईचे तीन-चार तास पेरा. मराठवाड्यात आपले वाडवडील हे करतच होते. बियाणे घेताना काटेरी वाण मागा. बिनकाटेरी करडई फुलाला चांगली, कुंपणाला उपयोगाची नाही.

रानडुकराची नजर मंद, पण नाक तीक्ष्ण असते. म्हणून नुसत्या बुजगावण्याला ते भीत नाही. उसाच्या फडाला लागून भुईमूग किंवा मका एकट्यानेच घेऊ नका. तोच पहिला बळी पडतो. शेजाऱ्यांनी मिळून पाळीने जागल करा. एकाच रात्री दहा शेतांवर आवाज झाला, तर कळप दूर जातो.

सौर कुंपण, म्हणजे झटका मशीन, थांबून थांबून सौम्य झटका देते. त्याने जनावर मरत नाही, भिते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत बसणाऱ्या गावांना यासाठी अनुदान आहे. आपले गाव त्यात आहे का, हे वनपालांना विचारा.

पण आकडा टाकून घेतलेली वीज तारेत सोडू नका. ती तार डुक्कर आणि माणूस यांत फरक करत नाही. पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच पोरगा तिला चिकटतो. कणकेत गुंडाळलेले स्फोटक गोळेही ठेवू नका. गायीचा जबडा फुटतो, आणि हे दोन्ही गुन्हे आहेत.

नुकसान झालेच, तर ३ दिवसांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका, नांगर घालू नका. पीक विम्यातही वन्यप्राण्यांच्या नुकसानीचे जादा संरक्षण खरीप २०२६ पासून देण्याचे केंद्राने २०२५ साली जाहीर केले. राज्याने जे प्राणी व जो भाग अधिसूचित केला असेल, तिथेच ते लागू होते आणि ७२ तासांत कळवावे लागते. विमा भरतानाच याची चौकशी करा.

तेव्हा मंडळी, क्रम लक्षात ठेवा. आधी तक्रार आणि पंचनामा, मग करडई, कुंपण आणि जागल. त्यानेही भागले नाही, तर बंदुकीचा परवाना आणि त्याबरोबर वनक्षेत्रपालांची परवानगी. आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे हे पत्रक दाखवा, अर्जासोबत जोडायचे नुकसानीचे कागद त्यांच्या मदतीने लावून घ्या, आणि यंदाच्या नुकसानीची तक्रार राहिली असेल तर तीन दिवस उलटण्याआधी देऊन टाका.

नमस्कार.