गोठ्यातली खुंटी



सात महिन्यांची गाभण गाय रात्रीतून गाभडते. वार अडकलेली असते. धनी उघड्या हातानं ती ओढून काढतो, बादलीत हात बुचकळतो आणि त्याच कपड्यांनी घरात येतो. चपला मात्र आठवणीनं बाहेर काढतो! लेकरू धावत येऊन पायांना बिलगतं. तेच कपडे घरच्या धुण्यात पडतात. सकाळी त्याच गाईचं धारोष्ण दूध पोराच्या हातात जातं.

दोन-चार आठवड्यांनी घरात कुणाला तरी ताप भरतो. चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. घामानं अंथरूण भिजतं, कंबर नि सांधे ठणकतात. टायफॉइडची, मलेरियाची औषधं होतात; गोठ्यातली गोष्ट डॉक्टरांना कुणी सांगतच नाही.

हा ब्रुसेलोसिस असू शकतो. जनावरांतल्या या रोगाला आपण सांसर्गिक गर्भपात म्हणतो. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना तापानं दगावलेल्या सैनिकाच्या प्लीहेत याचे जंतू सापडले. ते येतात कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. तिथल्याच थेमिस्टोक्लीस झमिट यांना ते धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये आढळले. तेव्हा जनावर ठणठणीत दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका.

घरच्यांना हा रोग बहुधा कच्च्या दुधातून होतो. दूध उकळलं की जंतू मरतात. वार आणि मेलेलं वासरू यांत तर ते खच्चून भरलेले असतात. हातावरच्या बारीक चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातूनही शिरतात. ओल्या, सावलीच्या जागी ते दीर्घकाळ तग धरतात, कडक उन्हात लवकर मरतात. म्हणून हातमोज्यांशिवाय वारेला हात लावू नका. गरोदर बाईला तर त्या कामाला लावूच नका. वार उकिरड्यावर टाकली तर कुत्री ओढून नेतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना लस टोचून घ्या. ती आयुष्यात एकदाच लागते. ताप आलाच, तर डॉक्टरांना आधी गोठ्याचं सांगा. औषध किमान सहा आठवडे चालतं, मध्येच सोडू नका.

आणि एक काम आजच करा. जनावरासाठी खुंटा आपण ठोकतोच. गोठ्याच्या भिंतीत एक खुंटी माणसासाठीही ठोका. कामाचे कपडे तिच्यावरच राहू द्या. साबणानं हातपाय धुवा, मग उंबरा ओलांडा. लेकराला उचलून घ्यायला तेवढा उशीर झाला तरी चालेल.