पन्नास मीटरांवरील नेम

पंचवीस मीटरांवर शाबासकी मिळविणारा नेमबाज तेंच पिस्तूल, त्याच हातांत घेऊन, पन्नास मीटरांवर उभा राहिला कीं त्याच्या गोळ्या निशाणाच्या चारी कोपऱ्यांत विखुरतात, हा प्रकार चांदमारीच्या मैदानावर नित्याचा आहे. असें झालें म्हणजे नवशिक्या पिस्तुलाला बोल लावतो, काडतुसांना लावतो, वाऱ्याला तर लावतोच. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण त्याच्यासाठींच असावी! वास्तविक अंतर वाढल्यानें नवी चूक जन्माला येत नाहीं. जवळच्या निशाणावर जी चूक झांकून राहिली होती ती लांबच्या निशाणावर उघडी पडते, एवढेंच. लांब पल्ल्याच्या सरावाचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे.

बंदुकीच्या मानानें पन्नास मीटर हें अंतर कांहींच नव्हे. परंतु बंदुकीला खांद्याचा आधार असतो, तसा पिस्तुलाला नाहीं. लांबविलेल्या एकाच हाताच्या टोकाशीं तें तोलून धरावयाचें आणि दुसरा हात कमरेशीं किंवा खिशांत स्वस्थ ठेवावयाचा, असा या स्पर्धेचा नियम आहे. त्यामुळें पिस्तुलाच्या नेमबाजींत पन्नास मीटर हें परंपरेनें कसोटीचें अंतर ठरलें. १९०० सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत ही स्पर्धा झाली. १९३६ च्या बर्लिनपासून २०१६ च्या रिओ दी जानेरोपर्यंत भरलेल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्यें ती होती. तिला मुक्त पिस्तुलाची स्पर्धा असेंही म्हणतात. कारण हत्यारावर बंधनें फार थोडीं. काडतूस ५.६ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे ज्याला बोलतांना ‘पॉइंट टू टू’ म्हणतात तें, असावें. मुठीनें मनगटाला आधार देऊं नये. एवढें सांभाळलें कीं नळी हवी तेवढी लांब ठेवावी आणि चाप हवा तेवढा हलका करावा. पंचवीस मीटरांच्या स्पर्धेंत चाप निदान १,००० ग्रॅम भार पेलणारा असावा लागतो. मुक्त पिस्तुलाच्या चापाला अशी खालची मर्यादाच नाहीं. इतकी मोकळीक असूनही ६० गोळ्यांत ६०० पैकीं ६०० गुण आजवर कोणालाही साधलेले नाहींत. १९३६ सालीं स्वीडनच्या तोर्स्तेन उल्मानला ५५९ गुणांवर सुवर्णपदक मिळालें. १९८० सालीं मॉस्को येथें अलेक्सांद्र मेलेंत्येवनें ५८१ गुण केले. तो विक्रम तब्बल ३४ वर्षें टिकला. २०१४ सालीं स्पेनमधील ग्रानादा येथें दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओनें ५८३ गुण करून तो मोडला, म्हणजे अवघ्या दोन गुणांनीं पुढें नेला.

हें इतकें अवघड कां, हें साध्या त्रैराशिकानें समजतें. या निशाणाच्या मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. त्याच्या भोंवतीं नऊ, आठ, सात अशीं वर्तुळें असून सातापर्यंतचा २०० मिलिमीटर व्यासाचा भाग काळा असतो. पिस्तुलावर नेम धरण्यासाठीं दोन खुणा असतात : डोळ्याच्या बाजूला खांच आणि नळीच्या टोकाशीं माशी. या दोहोंमध्यें ३० सेंटिमीटर अंतर आहे असें धरावें. माशी खांचेच्या मध्यापासून एकच मिलिमीटर सरकली, तर ती चूक पंचवीस मीटरांवर सुमारें ८३ मिलिमीटर होते. गोळी काळ्या भागांतच, सातच्या वर्तुळांत बसते, आणि नेमबाजाला फारसें वाईट वाटत नाहीं. तीच चूक पन्नास मीटरांवर सुमारें १६७ मिलिमीटर होते; गोळी काळा भाग सोडून पांढऱ्यांत, चारच्या वर्तुळांत जाते. दहाच्या वर्तुळांत राहावयाचें असेल तर ही चूक मिलिमीटरच्या सुमारें सहाव्या-सातव्या हिश्शाहून मोठी होऊन चालत नाहीं. वहीच्या एक-दोन कागदांच्या जाडीएवढी सूट, आणि तीही अधांतरीं धरलेल्या हातांत!

येथें चुकीचे दोन प्रकार ओळखणें अवश्य आहे. हात, पिस्तूल, खांच आणि माशी हीं सर्व मिळून, कललीं न जातां, एक सेंटिमीटर डावीकडे सरकलीं, तर गोळीही एक सेंटिमीटरच डावीकडे जाईल आणि दहाच्या वर्तुळांतच बसेल. ही सरकण्याची चूक अंतराबरोबर वाढत नाहीं. परंतु मनगट किंचित् कललें आणि माशीचा खांचेशीं असलेला मेळ बिघडला, कीं ती चूक प्रत्येक मीटरागणिक वाढत जाते. पहिली चूक डोळ्यांना मोठी दिसते आणि फळाला लहान असते. दुसरी दिसते लहान, आणि सारा घात करते. म्हणूनच जाणते शिक्षक शिकाऱ्याला सांगतात, कीं नजर निशाणावर नव्हे, माशीवर ठेवावी. मनुष्याच्या डोळ्याला एका वेळीं एकाच अंतरावरचें स्पष्ट दिसतें. निशाण रेखीव दिसूं लागलें कीं माशी धूसर होते. माशी रेखीव ठेवली कीं निशाण धूसर काळ्या ठिपक्यासारखें दिसतें, आणि तें तसेंच दिसावें. ज्याला गांठावयाचें त्याच्याकडे न पाहतां हाताजवळच्या वस्तूकडे पाहावयाचें, ही गोष्ट प्रथम मनाला पटत नाहीं. लांब पल्ल्याचें निशाण ती पटवून देतें.

दुसरी अडचण हाताच्या कंपाची. जिवंत मनुष्याचा हात पूर्ण स्थिर राहणें अशक्य. श्वास चालतो, नाडी उडते, स्नायू थकतात. लांबच्या लहानशा निशाणापुढें हा कंप स्पष्ट दिसूं लागतो आणि नेमबाज घाबरतो. मग तो एक घातक युक्ति योजतो : माशी बरोबर मध्याखालीं आलेली दिसली कीं ‘आतां!’ असें मनांत म्हणून तो चाप झटकन् ओढतो. त्या झटक्यानें मनगट कलतें आणि जो कंप एक-दोन वर्तुळांचा होता त्याची चूक पांच-सहा वर्तुळांची होते. यावर उपाय एकच. कंप आहे हें मान्य करावें, माशी व खांच यांचा मेळ राखावा, आणि हात हलत असतांनाच चापावरील दाब हळूहळू, सारखा वाढवीत न्यावा. बार केव्हां होईल हें नेमबाजाला नेमकें ठाऊक नसावें. आठ-दहा सेकंदांत बार झाला नाहीं तर हात खालीं आणावा, दोन-तीन श्वास घ्यावे आणि नव्यानें आरंभ करावा. उचललेला हात गोळी न झाडतां खालीं आणणें, हें या विद्येंतील सर्वांत कठीण काम आहे.

अंतर वाढल्यानें खरोखर बदलतात अशा गोष्टी दोनच. एक, गोळीचें खालीं येणें. या पिस्तुलाची गोळी सेकंदाला सुमारें ३०० मीटर वेगानें जाते. पन्नास मीटरांना तिला सेकंदाचा सुमारें सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्या अवधींत ती १२ ते १४ सेंटिमीटर खालीं येते. पंचवीस मीटरांवर हीच घट तीन-चार सेंटिमीटरच असते. अंतर दुप्पट, तर घट चौपट. मागची खांच स्क्रूनें वर-खालीं करून ही घट एकदां भरून काढली कीं तो प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट वारा. तो गोळीला बाजूला ढकलतो, म्हणून मैदानावर लहान निशाणें लावलेलीं असतात. तीं पाहून थांबावें किंवा खांच सरकवावी. या दोन गोष्टींचा हिशोब चुकता केल्यावर निशाणावर जें उरतें तें नेमबाजाचें स्वतःचें.

सरावाची रीतही या तत्त्वावरच उभी आहे. सर्वांत आधीं सुरक्षितता. या लहानशा काडतुसाची गोळी मोकळ्या रानांत एक किलोमीटरहूनही दूर जाऊं शकते. म्हणून निशाणामागें मातीचा भक्कम बांध असलेलें, अधिकृत मैदानच हवें. पिस्तुलाचें तोंड सदैव निशाणाकडे, बोट नेम धरीपर्यंत चापाबाहेर, कानांना व डोळ्यांना संरक्षण आणि प्रमुखाच्या हुकुमावांचून हालचाल नाहीं, हे नियम मोडणाऱ्याला कितीही चांगला नेम असला तरी मैदानांत जागा नसावी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचीं बंधनेंही पाळावीं लागतात.

पुढचा भाग विनाखर्चाचा आहे. पिस्तूल रिकामें आहे याची दोनदां खात्री करून, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, केवळ माशी, खांच आणि चाप यांचा सराव करावा. समोर निशाण नसल्यानें मोह नाहीं, बार नसल्यानें धक्का नाहीं. चाप सुटतांना माशी हलली तर ती तेव्हांच दिसते. मग काडतुसें घेऊन पंधरा-वीस मीटरांवर आरंभ करावा आणि गुण न मोजतां गोळ्यांचा पुंजका मोजावा. पंचवीस मीटरांवर दहा गोळ्या आठ सेंटिमीटरांच्या वर्तुळांत मावत असतील, तर पन्नासावर त्या सोळांत मावल्या पाहिजेत. त्या पंचवीस सेंटिमीटरांत पसरल्या, तर ती जास्तीची पसरण बहुधा पिस्तुलाची नव्हे, मनाच्या घाईची असते. अशा वेळीं पुन्हां पंचवीसावर यावें, दोष शोधावा, आणि मग मागें सरावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं.

आणखी एक संवय फार उपयोगी आहे. बार झाल्यावर निशाण पाहण्यापूर्वीं गोळी कोठें लागली असेल तें वहींत लिहावें : ‘आठ, डावीकडे खालीं’. मग दुर्बिणींतून पाहावें. अंदाज आणि गोळी जुळूं लागलीं म्हणजे समजावें, कीं नेमबाजाला चाप सुटला त्या क्षणीं काय घडलें तें दिसूं लागलें आहे. जुळत नसतील, तर त्यानें त्या क्षणीं डोळे मिटले होते किंवा तो निशाणाकडे पाहत होता. ही वही दुसऱ्या कोणाला दाखवावयाची नसते. म्हणून तींत खोटें लिहिण्याचें कारण नाहीं, आणि तरीही पहिले कांहीं दिवस हात खोटें लिहूं पाहतो.

मनाच्या भागाला औषध नाहीं. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें पिस्तुलाच्या स्पर्धांत पदकें मिळविणाऱ्या उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाच्या तपासणींत प्रोप्रानोलॉल हें हृदयाचे ठोके मंद करून हाताचा कंप कमी करणारें औषध आढळलें; त्याचीं दोन्ही पदकें काढून घेण्यांत आलीं. उलट उदाहरण जिन जोंग-ओचें. २०१६ सालीं रिओच्या अंतिम फेरींत, जेथें एका गोळीला जास्तींत जास्त १०.९ गुण मिळतात आणि मागें पडणारा एकेक जण बाद होत जातो, तेथें त्याच्या एका गोळीला अवघे ६.६ गुण मिळाले. तो बाद होण्याच्या उंबरठ्यावर आला. २००८ आणि २०१२ सालचीं सुवर्णपदकें गळ्यांत असलेल्या पुरुषाचा हा नेम! पण मागची गोळी परत येत नाहीं आणि पुढची गोळी मागचीची भरपाई म्हणून झाडतां येत नाहीं. पुढच्या प्रत्येक गोळीला त्यानें तेवढाच वेळ दिला जेवढा पहिलीला दिला असता. हळूहळू वर चढत १९३.७ गुणांवर तो पहिला आला. लागोपाठ तीन ऑलिंपिकांत एकाच वैयक्तिक स्पर्धेचें सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला नेमबाज ठरला.

हिंदी नेमबाजांनींही या अंतरावर नांव कमावलें आहे. ग्रानादाच्या ज्या स्पर्धेंत जिननें विक्रम केला तींत जितू राय यांना रौप्यपदक मिळालें आणि त्याच वर्षीं इंचॉनच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक. २०१८ सालीं चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेंत ओमप्रकाश मिठरवाल यांनीं ५६४ गुणांवर सुवर्णपदक पटकाविलें. त्याच वर्षीं आशियाई सामन्यांत पंचवीस मीटरांचें सुवर्णपदक जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्या स्पर्धेंतही पहिल्या तीस गोळ्या याच मोठ्या गोल निशाणावर, संथपणें झाडावयाच्या असतात. निशाण तेंच, अंतर निम्में. आणि लांबच्या अंतरावर हात मुरलेला असला तर त्या तीस गोळ्यांना त्याचा लाभ मिळाल्यावांचून राहत नाहीं.

२०१६ नंतर पन्नास मीटरांची ही स्पर्धा ऑलिंपिकच्या कार्यक्रमांतून गळाली. ज्यांनीं तिच्यासाठीं पंधरा-वीस वर्षें हात घडविला त्यांना तें दुःख झालें असल्यास नवल नाहीं. ज्या दारासाठीं वाट तुडविली तेंच दार मिटलें. तरुण नेमबाजानें मग या अंतरावर काडतुसें कां खर्चावींत, असा प्रश्न सहज निघतो. पदकाच्या हिशोबानें त्याला उत्तर देतां येणार नाहीं. पण ज्याला दहा किंवा पंचवीस मीटरांवर पुढें जावयाचें आहे त्यानें आठवड्यांतून एखादा दिवस पन्नासावर उभें राहावें, आणि वही बरोबर न्यावी. जवळच्या निशाणानें महिनाभर जी चूक पोटांत घातली असेल, ती तेथें पहिल्या दहा गोळ्यांत कागदावर उमटलेली दिसेल; आणि दिसली म्हणजे ती दुरुस्त करणें त्याच्याच हातीं आहे.