ऑइलची पट्टी आपणच बघायची
(मासिक बैठकीतील मनोगत)



गटाच्या टेम्पोचा हप्ता आपण भरतो, पण ऑइल बघायची वेळ आली की म्हणतो, "ड्रायव्हरदादा बघतील की!" एका गटात असंच झालं. ऑइल उतरत गेलं, कुणी बघितलंच नाही. इंजिन जाम झालं. टेम्पो दारात उभा आणि हप्ता चालूच.

मोजणं सोपं आहे. गाडी सपाट जागी लावा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे ऑइल खाली उतरतं. पट्टी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर थोडं थोडं घालून पुन्हा मोजा. वरच्या खुणेपुढे मात्र नको, जास्तीच्या ऑइलला फेस येतो.

कूलंट आणि ब्रेक ऑइलच्या डब्यांवरही खुणा असतात. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, भाजेल. ब्रेक ऑइल उतरलं तर नुसतं भरू नका, मेस्त्रीला दाखवा.

दर सोमवारी एकीने मोजायचं, दुसरीने वहीत लिहायचं, दोघींनी सही करायची. बचतीचा हिशोब जमतो, मग हाही जमेलच!