'मूळचे कुठले?' या प्रश्नाबद्दल, औंधमधून

(औंध येथील युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळी चहाच्या वेळी तुमच्यातल्या एकीने पुण्यात खोली शोधतानाचा अनुभव सांगितला. नाव ऐकून घरमालकाने विचारलं, "मूळचे कुठले?" ती म्हणाली, "खटाव तालुक्यातले." "ते झालं, पण त्याआधीचे?" आपण सगळे हसलो, कारण हा प्रश्न इथे प्रत्येकाने ऐकलाय. म्हणून लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवतो आणि याच गावात खरोखर बाहेरून आलेल्या एका माणसाबद्दल बोलतो.

मॉरिस फ्रीडमन. जन्म 1901, वॉर्सा. पोलंडमधले ज्यू, पेशाने इंजिनियर. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्यांना बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यासाठी आणलं. मिर्झासाहेब स्वतः इराणातल्या शिराझहून आलेल्या घोड्यांच्या व्यापाऱ्याचे नातू. म्हणजे बाहेरून आलेल्याच्या नातवाने बाहेरच्याला बोलावलं!

पुढे फ्रीडमन औंधला आले, भगवी वस्त्रं घालून, भारतानंद या नावाने. त्या वेळी औंध संस्थान म्हणजे 72 गावं, तीही सातारा, सांगली आणि विजापूरकडे विखुरलेली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी (सूर्यनमस्कारवाले, हो, तेच) यांनी नोव्हेंबर 1938 मध्ये जाहीर केलं की सत्ता रयतेच्या हाती देतो. मग राजपुत्र आप्पा पंत आणि फ्रीडमन यांनी वर्ध्याकडे गांधीजींचा सल्ला घेत घटनेचा मसुदा घडवला. 21 जानेवारी 1939 ला ती लागू झाली. गावाने पाच पंच निवडायचे, त्यांच्यावर तालुका समिती, तिच्यावर विधिमंडळ. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली, तीही याच काळात. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट तिच्यावरून सुचला.

ज्याची मातृभाषा मराठी नाही, ज्याचा देश, धर्म, पूजा सगळं वेगळं, त्या माणसाने माणदेशातल्या शेतकऱ्याच्या मताचा हक्क कागदावर आणायला हात लावला. 'त्याआधीचे कुठले' हे त्यांना कुणी विचारलं असेल का? असेलही. पण काम थांबलं नाही.

आता इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः बरीच वर्षं पडलो होतो. याच राजांनी 1910 मध्ये बेळगावातली जागा गेलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचं माळरान दिलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे ऐकून आपण लगेच म्हणतो, बघा, बाहेरचा माणूस फायद्याचा असतो! इंग्लंडमध्ये हाच हिशोब झाला होता. नॉरिचचा कापडधंदा बसला तेव्हा 1565 मध्ये शहराने नेदरलँड्सकडच्या डच आणि वालून विणकरांची 30 कुटुंबं बोलावली. लोक त्यांना 'स्ट्रेंजर' म्हणत. धंदा सावरला. पण 1570 मध्येच त्यांना हाकलायचा कट शिजला. लंडनमध्ये तर त्याआधी, 1517 च्या 1 मे रोजी, परदेशी कारागिरांच्या घरांवर जमाव चालून गेला होता. उपयोगावर मिळालेली जागा उपयोग संपला की डळमळते, आणि कधी कधी उपयोग चालू असतानाही.

म्हणून 'आम्ही देशाला काय काय दिलं' ही यादी मला आता पुरेशी वाटत नाही. यादी खरी आहे, अभिमानाने सांगा. पण भाडेपावती म्हणून नको.

कोल्हापूरजवळ वळिवडे बघा. 1943 पासून साधारण पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली, टायफॉइड आणि उपासमार सोसलेली. त्यांच्याकडे विकायला कसब नव्हतं. खर्च लंडनमधलं त्यांचं परागंदा सरकार करत होतं, तेही खरं. तरी वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दुकानं होती. आज वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ती मुलं कुणाच्या फायद्याची नव्हती, एवढंच मला सांगायचंय.

आणि आपण तर निर्वासितही नाही. संविधानाचं कलम 19 (1) (ङ) देशात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क देतं. खाजगी घरमालकाचं दार त्याने आपोआप उघडत नाही, हे मला ठाऊक आहे. खोटी आशा दाखवणार नाही. पण त्या दारात उभं राहताना पूर्वजांचा हिशोब द्यायला आपण बांधील नाही.

फ्रीडमन शेवटपर्यंत भारतातच राहिले. निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं त्यांनी इंग्रजीत आणली, ते पुस्तक 1973 मध्ये आलं. 1976 मध्ये मुंबईत ते गेले.

जेवणानंतर आपण गटांत बसू. ज्यांना खोली नाकारली गेली त्यांनी तारीख, ठिकाण आणि नेमके शब्द लिहून आणा. घरमालकाचं नाव आत्ता नको, आधी आपल्याकडे नोंद होऊ दे.