झडतीचा अधिकार आणि कायद्याचा लगाम

काळा पैसा खणून काढायचा तर प्राप्तिकर खात्याला झडतीचा अधिकार हवाच. १९६१ च्या कायद्यातील कलम १३२ ने तो दिला. परंतु हाती आलेल्या माहितीवरून तसे मानण्यास सबळ कारण असले पाहिजे, ही अट घालून. १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार वैध ठरविला. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावाही ग्राह्य मानला. २०१७ च्या वित्त कायद्याने तर ही कारणे करदात्यालाच नव्हे, अपील न्यायाधिकरणालाही सांगण्याची गरज नाही, असे १९६२ पासून पूर्वलक्षी प्रभावाने ठरविले. कारणे तपासताच येत नसतील तर अट कागदावरच राहते. बडा भांडवलदार उच्च न्यायालय गाठतो. छोट्या दुकानदाराने कोठे जावे? म्हणून मागणी अधिकार काढून घेण्याची नव्हे, कारणे न्यायाधिकरणापुढे ठेवण्याची हवी.