धूर कुठाय?



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि यवत मागं पडलं, की भांडगाव येतं. दौंड तालुक्यातलं हे आमचं गाव. तिथलं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा माझा पुतण्या म्हणाला, ‘‘काका, इंजिनिअरकडे जायच्या आधी आपण घर पडद्यावर फिरून बघू.’’

घराचे आराखडे काढणारे असे प्रोग्राम आता कोणालाही वापरता येतात. ‘स्केचअप’ 2000 साली आला, ‘स्वीट होम थ्रीडी’ त्यानंतर. दुसरा तर फुकट मिळतो. भिंतीची लांबी-उंची लिहिली, की भिंत उभी राहते. दारं, खिडक्या, पलंग, कपाट तयार संग्रहातून उचलून ठेवायचं. भिंत चुकली तर पुसायची. गवंड्याची मजुरी नाही, सिमेंट वाया जात नाही.

दोन दिवसांत पुतण्यानं घर उभं केलं. बैठकीच्या भिंतीत इंग्रजी सिनेमात असते तशी शेकोटी, म्हणजे फायरप्लेस, बसवली. वर संगमरवरी फळी, आत पेटलेली लाकडं. आम्ही सगळे खूश झालो. ऐंशी ओलांडलेल्या आईनं मात्र पडद्याजवळ तोंड नेलं आणि विचारलं, ‘‘आरं, जाळ दिसतुया, पर धूर कुठाय?’’

आम्ही हसलो. पण ती हसली नाही.

मंडळी, हा प्रश्न तिनं आयुष्यभर डोळ्यांनी आणि छातीनं सोसलेला आहे. जुन्या घरात चूल, शेजारी वैल, मागं भानवस, आणि धूर जायला कौलांमधली फट. पावसाळ्यात ओलं सरपण, हातात फुंकणी. बिडीला कधी हात न लावलेल्या या बाईला आज जिना चढताना धाप लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या धुरामुळं जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली. त्यात चुलीपुढं बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची मुलं आली.

ज्या देशांतून ही फायरप्लेस आली, तिथंही धुरानं माणसं हैराण होतीच. काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं 1796 च्या सुमारास लंडनमधल्या धुरकट शेकोट्या दुरुस्त केल्या. त्यानं आतला खड्डा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराच्या वाटेचा गळा अरुंद केला. तरीही उघड्या शेकोटीची बरीचशी ऊब धुराड्यातून आकाशात जाते. आमच्या भागात चार थंड रात्रींसाठी एवढा खटाटोप कशाला? पाहुण्यांना दाखवायला, एवढंच उत्तर होतं. शेकोटी पुसली.

मग त्या संग्रहात चूल शोधली. बार्बेक्यू सापडला, चूल नाही. गॅस ओट्यावर असणारच होता. पण अंघोळीचं पाणी आणि बाजरीची भाकरी यांसाठी घरात चूल हवी होती. शेतात पाचट आणि बाभळीच्या फांद्या असताना पाण्यासाठी सिलिंडर कोण जाळणार? तेव्हा चूल आम्हीच काढायला बसलो.

सुधारलेल्या चुलींवर आपल्याकडं काम पुष्कळ झालं आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 ते 2002 चालला. पुण्यात 1996 साली डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेनं धुराड्याची, दोन भांड्यांची ‘लक्ष्मी’ चूल साच्यातून घडवून गावोगाव नेली. पण चूल घरात बसवली म्हणजे काम संपत नाही. धुराडं काजळीनं तुंबलं, भांडं तोंडावर नीट बसलं नाही, की धूर पुन्हा घरातच फिरतो.

धूर वर का जातो, हे मी पुतण्याला गुऱ्हाळावर नेऊन दाखवलं. आमच्या तालुक्यात गुऱ्हाळांना तोटा नाही. चुलवाणाच्या तोंडातून चिपाड आत पडतं, दुसऱ्या टोकाला उंच धुराडं असतं. जाळ काहिलीच्या बुडाखालून ओढला जातो. गरम हवा हलकी होऊन धुराड्यात चढते, तिच्या जागी तोंडातून ताजी हवा आत येते. धुराडं जितकं उंच आणि आतून गरम, तितकी ओढ जास्त. म्हणून धुराडं शक्यतो सरळ हवं, त्याला वाकणं कमी हवीत, आणि छताच्या वर निदान तीन फूट, शिवाय दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही दोन फूट वर हवं. खोलीत हवा यायलाही वाट हवी. सरकत्या काचा घट्ट लावून चूल पेटवली, तर ती ओढणार काय? बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपणं तर जिवाशी खेळ. तिथं कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला ना रंग ना वास.

आता कॉम्प्युटर खरा कामाला आला. घर उभं कापून पाहिलं, तर आमचं धुराडं थेट स्लॅबच्या तुळईत घुसत होतं. ते दोन फूट सरकवलं, तर वर पाण्याची टाकी आली. ती सरकवली, तर तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर आलं. शेवटी चूल मागच्या पडवीत गेली. बांधल्यावर हे कळलं असतं, तर पैसे गेले असते आणि शेजारही.

एक माप मात्र पडद्यावर सापडेना. ओटा किती उंच? आईला आता जमिनीवर बसून उठता येत नाही. अंगणात विटा रचल्या, तिला पुढं उभी केली. ती म्हणाली, ‘‘अजून एक वीट काढ. हां, आता हात पोचतुया.’’ तेच माप पुतण्यानं कॉम्प्युटरला दिलं.

घर बांधणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. चित्र जरूर काढा, फिरवून बघा. पण जाळापुढं जी उभी राहणार आहे, तिला आधी विचारा. आणि जमेल तितका स्वयंपाक गॅसवरच करा. चांगल्या चुलीचाही धूर हा धूरच.

दिवाळीत पहिल्यांदा चूल पेटवली. पाणी तापायला ठेवलं आणि पाहतो तो आई पडवीत नाही. ती अंगणात उभी होती, कपाळावर हात धरून वर बघत.

‘‘आता दिसला धूर,’’ ती म्हणाली.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)